एम अँड ई ऑफिसर कम अकाउंटंट: तुर्भ्यातली माझी पहिली दोन वर्षं

जाहिरातीत पदाचं नाव होतं 'एम अँड ई ऑफिसर कम अकाउंटंट'. एम अँड ई म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन. मी हा पहिला अर्धा भाग वाचून अर्ज केला आणि पहिले तीन महिने दुसरा अर्धा करत बसले. रिक्षाची व्हाउचरं, चहाची बिलं, पीअरच्या (त्याच वस्तीतल्या, प्रकल्पासाठी काम करणाऱ्या बाईच्या) मानधनाच्या सह्या. टीआय प्रकल्पात (एचआयव्हीचा जास्त धोका असलेल्या गटांसाठीच्या लक्ष्यित हस्तक्षेप प्रकल्पात) लागणार असाल तर हे धरूनच चला. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, स्टॅट्स येतं, म्हणून कोणी वेगळं टेबल देत नाही.

नाको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना), एमसॅक्स (राज्याची एड्स नियंत्रण संस्था), डापकू (जिल्ह्याचं एड्स नियंत्रण पथक), आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी केंद्र), एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) ही साखळी तुम्हाला माहीत आहे असं समजते. 95-95-95 सुद्धा पाठ असेलच. मुलाखतीत मात्र त्यावरच अडकवतात. पहिले 95 टक्के हे बाधितांपैकी निदान झालेले, दुसरे 95 टक्के निदान झालेल्यांपैकी उपचारावर असलेले आणि तिसरे 95 टक्के उपचारावर असलेल्यांपैकी विषाणू आटोक्यात आलेले. म्हणजे तिन्ही गाठले तरी एकूण बाधितांपैकी विषाणू आटोक्यात असलेले साधारण 86 टक्केच. मला हे सांगता आलं नव्हतं. तरी नोकरी मिळाली, कारण दुसरं कोणी आलंच नव्हतं.

आता ज्यात मी तोंडावर आपटले ते.

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला यायचे. आमच्या यादीवर देहविक्री करणाऱ्या 240 बायका. प्रत्येकीची सहा महिन्यांतून एकदा एचआयव्ही तपासणी व्हायला हवी. माझ्या पहिल्या सहामाहीत 231 तपासण्या झाल्या. मी 231 भागिले 240 केलं, 96 टक्के लिहिलं आणि पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मूल्यमापनाला आलेल्या मॅडमनी रजिस्टर उघडून एकच विचारलं, "या 231 तपासण्या आहेत की 231 बायका?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिला इथे सुमन म्हणू. एप्रिलच्या शिबिरात सुमन, वय 29. जूनमध्ये सुमनबाई, वय 32. मधले काही आठवडे ती भिवंडीला जाऊन आली होती, परतल्यावर दुसऱ्या आउटरीच वर्करने (वस्तीत फिरून बायकांना तपासणीला नेणाऱ्या कार्यकर्त्याने) तिला नव्याने नेलं. पत्ता तोच, खोली तीच. बाई एक, तपासण्या दोन, आणि माझ्या टक्केवारीत माणसं दोन.

त्या रात्री घरी वही मांडून बसले. एकेक नाव, वय, गल्ली, घरवालीचं (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचं) नाव जुळवत गेले. तपासणी झालेल्या बायका निघाल्या 187. म्हणजे 78 टक्के. टक्केवारी घसरली याचं दुःख नव्हतं. 53 बायकांना कोणी नेलंच नव्हतं, आणि ज्या सहज हाताशी लागतात त्यांच्या दुबार तपासण्यांनी ती भोकं बुजवली होती. त्या 53 जणींतली एक पुढच्या फेरीत पॉझिटिव्ह निघाली, तेव्हा तिचं वजन उतरलेलं होतं. माझ्या 96 टक्क्यांत ती 'झाली' होती.

म्हणून पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाचा. वर तपासण्या आणि खाली माणसं, असा भागाकार कधीही करू नका. वर माणसं तर खालीही माणसं, तीही त्याच यादीतली आणि त्याच मुदतीतली. कोणी आकडा सांगितला की आधी विचारा, मोजलं काय? भेट, कंडोम, तपासणी की माणूस? आणि 'किती झाल्या' यापेक्षा 'कोण राहिल्या' ही यादी आधी काढा.

2010 पासूनच्या सिम्समध्ये (नाकोच्या अहवाल-प्रणालीत) महिन्याचे एकत्रित आकडे जायचे, त्यात सुमन दोनदा मोजली तरी वरच्याला दिसणार कसं? नंतर आलेल्या 'सोच' या प्रणालीमध्ये व्यक्तीनिहाय नोंद असते, म्हणून काम सोपं झालं असं लोक म्हणतात. झालंय थोडं. पण सुमन आणि सुमनबाई अशा दोन नोंदी आपणच केल्या तर सॉफ्टवेअर काय करणार? यूएनएड्सच्या (संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या) एम अँड ई आराखड्यात 12 घटक आहेत. त्यात डेटाबेसचा नंबर नववा आहे, पहिल्या दोनांत रचना आणि माणसं. आपल्याकडे मात्र 'यंत्रणा बळकट करा' म्हटलं की आधी लॅपटॉप येतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत वाईट आहे. मागच्या महिन्याची फाईल 'सेव्ह ॲज' करून आकडे इकडेतिकडे करणारे मी पाहिलेत, त्यांतले दोघं आज माझ्या वर आहेत. ऑनलाइन सर्टिफिकेटं करा, पण मला खरं शिकवलं ते आयसीटीसीतल्या समुपदेशक ताईंनी आणि आमच्या एका पीअरने. ती चौथी नापास, पण कोणती बाई यात्रेला गावी गेली आणि कधी परतणार हे तिला तोंडपाठ. महिन्यातून चार दिवस तिच्यामागे फिरा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. नावांची यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका, 'फक्त आपल्या ग्रुपवर' सुद्धा नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात गोपनीयता सक्तीची आहे. कायदा राहू द्या, तुर्भ्यात बातमी फुटायला किती वेळ लागतो ते इथे राहणाऱ्याला विचारा.

घाबरू नका. पहिले सहा महिने सगळ्यांचेच आकडे चुकतात. मी तो अहवाल दुरुस्त करून, खाली चूक लिहून पाठवला. प्रकल्प व्यवस्थापक चार दिवस बोलले नाहीत, पण नोकरी गेली नाही. उलट पुढच्या सहामाहीत आउटरीच वर्करच मला विचारायला लागले, "ताई, राहिलेल्यांची यादी काढली का?"

यादी काढली होती. व्हाउचरं मात्र दोन आठवड्यांची तुंबली होती.