तबकडी धुवायला बॅटरीचं पाणी

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या, तर खरखर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. आपल्याकडचं पाणी जड. ते सुकलं की क्षार खाचांत बसतात आणि सुई त्यावरूनच फिरते. ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. बॅटरीच्या कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळतं. फक्त ॲसिडचा कॅन उचलू नका, लेबल वाचूनच घ्या.

१. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा.
२. अर्धा लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोनच थेंब टाका. जुन्या मलमलचा तुकडा त्यात भिजवून पिळा आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. मधला कागद कोरडा राहू द्या.
३. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. घाई इथेच होते, आणि साबण राहून जातो.
४. घरातच, सावलीत ताटाळ्यात उभी वाळवा. वैशाखातलं ऊन तबकडी वाकवतं.

दोन ओळींच्या मधला गायकाचा श्वास ऐकू आला की मन भरून येतं.

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट मात्र लावू नका, लाख विरघळते.