पीसी चालू झाला म्हणजे ओव्हरक्लॉक जमलं असं नाही, पहिल्यांदा करताना या चुका टाळा

नवीन पीसी असेंबल केलेल्यांची एक तक्रार हमखास असते, ३२०० ची रॅम घेतली आणि टास्क मॅनेजरमध्ये २१३३ नाहीतर २६६६ दाखवतंय, दुकानदाराने गंडवलं. गंडवलं वगैरे काही नाही. पाकिटावरचा स्पीड हा एक्सएमपी प्रोफाईलचा (रॅममध्येच साठवलेल्या जास्त वेगाच्या तयार सेटिंगचा) असतो आणि तो बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करेपर्यंत रॅम आपल्या साध्या स्टँडर्ड स्पीडलाच चालते. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर याच गोष्टीला एक्स्पो म्हणतात, काही जुन्या बोर्डवर डीओसीपी लिहिलेलं असतं. आणि सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तरी घाबरू नका, ते अर्धा आकडा दाखवतं, ३२०० च आहे ते.

पण मुद्दा असा की एक्सएमपी चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे, इंटेल आणि एएमडी दोघंही ते तसंच धरतात. लोकांना वाटतं ते फक्त एक बटण आहे, मग ते दाबतात, लगेच प्रोसेसरच्या मागे लागतात, आणि दोन दिवसांनी ब्लू स्क्रीन यायला लागले की प्रोसेसरला शिव्या देतात जेव्हा घोळ बहुतेक वेळा रॅममध्ये असतो.

सगळं एका झटक्यात बदलणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एकाच रात्री एक्सएमपी, पीबीओ (रायझनचा वेग आपोआप वाढवणारी सेटिंग), व्होल्टेज कमी करणं, फॅनची सेटिंग, सगळं उरकायचं. मग पीसी हँग झाला की नेमकं कोणी केलं ते देवालाच माहीत. आधी सगळं डिफॉल्टवर ठेवून पीसी तासभर ताणून बघा (डिफॉल्टलाच लटपटत असेल तर ओव्हरक्लॉकिंग विसरा, आधी तो आजार शोधा), मग फक्त रॅम, रॅम पूर्ण पास झाली की मगच प्रोसेसर.

आणि हो, हात घालण्याआधी आपल्या सामानात दम आहे का ते बघा. इंटेलमध्ये नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा बोर्ड लागतो, १२४००एफ घेऊन मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) शोधत बसू नका, तो लॉक आहे. बी६६० किंवा बी७६० वर रॅम वाढवता येते, प्रोसेसर नाही, एच६१० वर दोन्ही नाही. रायझनमध्ये बहुतेक सगळे खुले आहेत पण ए३२० आणि ए५२० बोर्डवर प्रोसेसर वाढवता येत नाही, आणि ५८००एक्स३डीचा मल्टिप्लायर कंपनीनेच बंद ठेवलाय.

रॅमचे घोळ

दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डवर त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. पहिल्या-दुसऱ्या अशा शेजारी-शेजारी लावल्या तर ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) गेलं, वर एक्सएमपीही नीट चालत नाही.

वेगवेगळ्या किट एकत्र करू नका. आधी ८ जीबीची एक घेतली, वर्षाने त्याच कंपनीची तशीच दुसरी घेतली, तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, कंपन्या तेच मॉडेल नाव ठेवून चिप बदलतात. साध्या स्पीडला दोन्ही गुण्यागोविंदाने राहतात, एक्सएमपी लावलं की भांडण. चार स्टिक असतील तर रॅम सांभाळणाऱ्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरही ताण वाढतो, त्यामुळे पाकिटावरचा स्पीड मिळेलच असं धरून चालू नका, डीडीआर५ मध्ये तर नाहीच.

मोठ्या आकड्याचा हव्यास ही अजून एक. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती क्लॉक घेते), दोन्हींची पहिली लेटन्सी, म्हणजे उत्तराला लागणारा वेळ, बरोबर १० नॅनोसेकंदच येते, हिशोब करून बघा, ६००० सीएल३० ची पण तेवढीच. बँडविड्थ वाढते हे खरं, पण रायझन ५००० मध्ये रॅम आणि प्रोसेसरचे आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक एकाच तालात चालावं लागतं, ते साधारण ३६०० पर्यंत, म्हणजे फॅब्रिक १८००, बिनबोभाट जमतं. ४००० ची रॅम लावलीत आणि ताल तुटला तर मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगाने चालतो आणि गेममध्ये उलट मागे पडता. जास्त पैसे देऊन हळू पीसी! इंटेलवाल्यांनी गिअर १ (कंट्रोलर रॅमच्या तालात) चाललाय की गिअर २ (अर्ध्या वेगाने) ते बघावं, तिथेही असाच प्रकार आहे. रायझन ७००० वर ६००० ला थांबा, एएमडीनेच तो आकडा सांगितलाय.

आता एएम५ (रायझन ७००० चं सॉकेट) बोर्डवाल्यांसाठी खास. एक्स्पो लावून सेव्ह केलं आणि स्क्रीन काळी, फॅन फिरतायत, काहीच नाही. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, परत चालू, परत बंद, आणि प्रत्येक वेळी बिचारं ट्रेनिंग पहिल्यापासून. ते रॅम ट्रेनिंग असतं, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, कधीकधी काही मिनिटं लागतात, चहा टाका आणि तोपर्यंत हात लावू नका.

बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर एक्स्पोच्या आधी बायोस अपडेट कराच. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० चे, विशेषतः एक्स३डी, प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या, एक्स्पो लावल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) फार वर नेत होते, मग एएमडीने ते १.३ व्होल्टला अडवलं, पण ते अडवणं नव्या बायोसमध्येच आहे. इंटेल १३ आणि १४ व्या पिढीचे मोठे प्रोसेसर असतील तर तेच, २०२४ मध्ये व्होल्टेजच्या गोंधळामुळे चिप कायमच्या खराब होत होत्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याचे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आले, ते न टाकता वर अजून ओव्हरक्लॉक म्हणजे कमाल आहे. फक्त अपडेट यूपीएसवर करा, पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्ध्यावर गेली तर बोर्डच बसतो.

प्रोसेसर

रायझनमध्ये सगळे कोर एकाच आकड्यावर फिक्स करणं, माझ्या मते तरी, आता फुकटचा खटाटोप आहे. ५६००एक्स एका कोरवर आपसूक ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तुम्ही सगळे ४.५ ला बांधले तर सिनेबेंचचा (प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा) स्कोअर वाढेल पण जिथे एकदोन कोरच लागतात तिथे तोटाच. वर व्हिडिओत बघून १.४ व्होल्ट टाकायचे! त्याची चिप वेगळी, तुमची वेगळी, आकडे उचलून आणू नका. पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) वापरा.

त्यातही एक सापळा आहे. सगळे कोर उणे ३० करून टाकतात, सिनेबेंच मस्त पास, तापमान पण उतरलं, पार्टी. आणि मग पीसी नुसता डेस्कटॉपवर पडलेला असताना रिस्टार्ट होतो. कारण जड कामात क्लॉक खालीच असतो, हलक्या कामात एखादा कोर सगळ्यात वरच्या क्लॉकला उडी मारतो आणि तिथे कमी केलेलं व्होल्टेज पुरत नाही. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, डब्ल्यूएचईए लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एंट्री शोधा, त्यात एपीआयसी आयडी असतो, एका कोरचे दोन थ्रेड म्हणून साधारणपणे त्याला २ ने भागलं की कोर सापडतो, तेवढाच उणे २० वर आणा.

लोडलाईन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज पडू न देणारी सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवू नका, लोड सुटताच व्होल्टेज उसळतं. एवढं पुरे त्याबद्दल.

तापमानाचं मात्र नीट ऐका. डिसेंबरमध्ये रात्री टेस्ट केलेला पीसी मे महिन्यात नागपूर-अकोल्यात बाहेर ४५ असताना तसाच चालेल हा गैरसमज आहे, खोली जितकी तापली साधारण तितकंच तापमान आतही चढतं, आणि डीडीआर५ तर ५०-५५ च्या वर गेली की टाईट टायमिंगवर चुका करायला लागते. सोबत आलेल्या छोट्या कूलरवर असले उद्योग करू नयेत.

टेस्ट आणि बिघडलं तर

दहा मिनिटं सिनेबेंच म्हणजे टेस्ट नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर, किंवा विंडोजमध्ये टेस्टमेम५, प्रोसेसरसाठी ओसीसीटी किंवा प्राईम९५, शेजारी तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. रॅमची एक एरर आली तरी नापासच, "एकच तर आहे" चालत नाही, कारण ती चूक गुपचूप डिस्कवरच्या फाईलमध्ये जाते. झिप उघडताना सीआरसी एरर, गेम इन्स्टॉल अर्ध्यावर फेल, ब्राउझरचे टॅब आपोआप क्रॅश, ही लक्षणं दिसली की आधी एक्सएमपी बंद करून बघा. आणि अन्रियल इंजिनचा गेम "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणत पडत असेल तर लगेच ग्राफिक्स कार्ड विकायला काढू नका, इंटेलच्या १३-१४ पिढीत हा मेसेज बऱ्याचदा प्रोसेसरच्या गडबडीने यायचा.

एक्सएमपी टिकत नसेल तर एक पायरी खाली या, ३६०० ऐवजी ३४६६, टायमिंग आणि व्होल्टेज तसंच ठेवून. डीडीआर४ ला १.३५ वरून १.३७-१.३८ देऊन बघायला हरकत नाही.

डिस्प्लेच येत नसेल तर बोर्डवरचे छोटे दिवे बघा, डीरॅमचा पेटून राहिला तर एकच स्टिक ए२ मध्ये लावून चालू करा. तरी नाही तर सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसची सेटिंग पुसणं: एसएमपीएसचं बटण बंद, केबल काढा, बोर्डवरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, नाहीतर गोल सेल काढून थोडा वेळ थांबा. पण त्याआधी, खरं तर सगळ्याच्या आधी, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते बघून रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही बघत बसाल. सीमॉस क्लिअर केल्यावर विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम चालेना झाला तर बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सेटिंग परत चालू करा, दोन्ही बंद झालेल्या असू शकतात.

जमलेली सेटिंग बायोसमध्ये प्रोफाईल म्हणून सेव्ह होते, पण पुढच्या बायोस अपडेटला ती बऱ्याचदा पुसली जाते, तेव्हा प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, टायमिंगच्या पानाचा तर नक्कीच, तिथले आकडे लक्षात राहत नाहीत.