गाउट आणि मॉक्साचा शेक: या चुका टाळा

गाउटचा झटका, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून उठलेली सूज. पायाचा अंगठा लालभडक, टम्म सुजलेला, चादर लागली तरी जीव जातोय. आणि माणूस त्याच अंगठ्यावर शेकासाठी मॉक्साची, म्हणजे सुकवलेल्या औषधी पानांची, पेटती कांडी धरून बसलाय. सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच.

चिनी वैद्यकात सांधेदुखीचे प्रकार पाडले आहेत. थंडी-ओलीने आखडलेला सांधा वेगळा, ओल आणि उष्णतेने पेटलेला वेगळा. गाउटचा ताजा झटका दुसऱ्या प्रकारात मोडतो. तिथे बहुतेक जाणते वैद्य सांध्यावर मॉक्सा धरत नाहीत. झटक्यात बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, एवढंच. मॉक्सा नंतर, सांधा निवला की.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी व्हिडिओ पाहून रात्री कांडी पेटवली. त्यांना मधुमेह होता, पावलांची जाणीव आधीच कमी झालेली. त्यात गाउटचा ठणका इतका की चटका कळलाच नाही. 'जितकं गरम तितकं लवकर बरं' म्हणून कांडी जवळ नेत गेले. सकाळी अंगठ्याला फोड, मग तो फुटून जखम, मग पू. गाउटचा झटका एरवी आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. ती जखम त्याच्या कितीतरी पुढे रेंगाळली. रागावण्यात अर्थ नव्हता, पण त्या व्हिडिओवाल्याचा राग मला अजून येतो. मधुमेह आहे का, एवढा एक प्रश्नही त्याने विचारला नव्हता.

माझी सवय सांगतो. कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब, आणि माझं दुसऱ्या हाताचं बोट रुग्णाच्या त्वचेवर. ऊब मी स्वतः अनुभवतो, रुग्णाच्या 'चालेल चालेल'वर विसंबत नाही. आणि धरायची गुडघ्याखालच्या झू-सान-ली बिंदूवर, घोट्याच्या वर असलेल्या सान-यिन-ज्याववर. दुखऱ्या अंगठ्यावर नाही. पाय बधिर असेल तर मॉक्सा नाहीच.

आगसुई घरी करू नका. लालबुंद तापवलेली सुई क्षणात आत-बाहेर काढायची ही पद्धत 'लिंगशू' या प्राचीन ग्रंथातही सांधेदुखीसाठी सांगितली आहे, आणि चीनमध्ये गाउटच्या झटक्यातही वापरतात. पण ते तयार हाताचं काम आहे.

सुजलेल्या सांध्यावर कपिंग (त्वचेवर पेला चिकटवून ओढणं) नको. खोली बंद करून मॉक्सा नको, धूर छातीत जातो. कांडी विझली का ते वाळूत खुपसून खात्री करा.

आता दुसरी मोठी चूक: बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद. शेकाने ठणका हलका वाटतो, पण रक्तातलं युरिक अ‍ॅसिड त्याने ठरल्या पातळीला येत नाही. ते डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्फटिक बनू शकतात. म्हणून डॉक्टर 6 च्या खाली ठेवायला सांगतात. झटक्यात तपासलं तर ते कधीकधी नॉर्मलही येतं, आणि लोक लगेच 'गाउट नाहीच' म्हणतात. झटका ओसरल्यावर पुन्हा तपासा. अ‍ॅलोप्युरिनॉल (युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध) चालू असेल तर झटक्यात ते स्वतःहून थांबवू नका.

सांध्यासोबत ताप, थंडी वाजत असेल, तर मॉक्सा, बर्फ सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो गाउटसारखाच दिसतो.