मधुमेहाच्या निदानाची वर्षपूर्ती कशी पाळावी

‘शुगर निघाली’ हे शब्द घरात पहिल्यांदा उच्चारले गेले तो दिवस बहुतेकांच्या लक्षात राहतो. वर्षानं तीच तारीख पुन्हा येते, तेव्हा मात्र नेमकं काय करावं हे कुणालाच सुचत नाही. काही घरांत विषय मुद्दाम टाळला जातो. काही ठिकाणी हौसेनं केक येतो आणि ज्याच्यासाठी आणला तोच अवघडून बसतो. आमचा सल्ला असा, की दिवस जरूर पाळावा, पण तपासण्या आधीच्या तीन आठवड्यांत उरकून घ्याव्यात आणि तारखेचा दिवस रिपोर्टांपासून पूर्ण मोकळा ठेवावा. दोन्ही एकाच दिवशी आलं की आकडा चांगला आला तर सण आणि वाईट आला तर सुतक, असं होऊन बसतं. वर्षभर गोळ्या, सुया, पथ्य आणि चालणं सांभाळणाऱ्या माणसावर तो अन्याय आहे.

तारीख कोणती धरायची

टाइप वन (शरीरात इन्सुलिन बनणं जवळजवळ थांबतं तो, बहुधा लहान वयात कळणारा मधुमेह) असेल तर तारीख शोधावी लागत नाही. बहुतेक वेळा मूल हॉस्पिटलात दाखल झालेलं असतं आणि डिस्चार्ज कार्डावर ती असते. टाइप टूमध्ये, म्हणजे बहुधा मोठेपणी हळूहळू येणाऱ्या प्रकारात, घोळ होतो. रक्त एका दिवशी दिलेलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आलेला, डॉक्टरांकडे गेलात आठवड्यानं. पहिल्या रिपोर्टावर ‘नमुना घेतल्याची’ तारीख छापलेली असते, ती धरा. रिपोर्ट हरवला असेल तर लॅबमध्ये मोबाइल नंबरावरून जुनी नोंद निघू शकते. नाहीतर विम्याचे कागद किंवा औषधांचं पहिलं बिल बघा. बिलांचा कागद उष्णतेनं छापलेला असेल तर अक्षरं वर्षभरात उडतात, म्हणून सापडल्या सापडल्या फोटो काढून ठेवा.

काहीच सापडलं नाही तर १४ नोव्हेंबर घ्या. त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो, कारण इन्सुलिनच्या शोधातले प्रमुख संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस आहे. आपल्याकडे तोच बालदिन, त्यामुळे लहान मुलांच्या घरी ही तारीख सहज लक्षात राहते.

तीन आठवडे आधी: रक्त आणि लघवी

पहिल्या आठवड्यात रक्त आणि लघवी, दुसऱ्यात डोळे आणि दात, तिसऱ्यात सगळे कागद घेऊन डॉक्टर, असा क्रम सोयीचा पडतो.

उपाशीपोटीच्या रक्तासाठी ८ ते १० तासांचा उपास पुरे. साधं पाणी चालतं. रात्री आठला जेवून सकाळी अकराला लॅबमध्ये पोचणं चुकीचं आहे, उपास फार लांबतो. घरी येऊन रक्त नेणारा माणूस साडेसहा-सातला बोलावला तर आठ-साडेआठची लोकलही चुकत नाही. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन रक्त देऊन झाल्यावर, खाण्याच्या वेळी घ्यायचं. ते आधी घेऊन रांगेत ताटकळलात तर साखर खाली जाऊन चक्कर येते. बाकीच्या गोळ्यांचं आणि रात्रीच्या इन्सुलिनचं डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.

जेवणानंतरच्या तपासणीत सर्वांत जास्त चुका होतात. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या नव्हे. आणि खायचं तेच, जे रोज खाता. त्या दिवशी दोन मारी बिस्किटं खाऊन आकडा सुंदर आणता येतो, पण रोजच्या पोह्यांनंतर किंवा इडलीनंतर साखर कुठे जाते हे डॉक्टरांना कळत नाही आणि औषधाचा अंदाज चुकतो.

एचबीएवनसी (HbA1c) या रक्ततपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो, त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा असतो. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), ८ टक्के म्हणजे १८३. मात्र लोहाच्या कमतरतेमुळे तो खोटा वर जाऊ शकतो, आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा जन्मजात सौम्य दोष) असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर त्यावर विसंबता येत नाही. ग्लुकोमीटरचे (घरी साखर मोजायच्या यंत्राचे) आकडे आणि एचबीएवनसी एकमेकांशी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन तपासायला सांगा.

त्याच वेळी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) द्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही वर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाबद्दल विचारा, कारण ही गोळी ते हळूहळू कमी करू शकते आणि मग पायाला येणाऱ्या मुंग्यांचं खापर नुसतं मधुमेहावर फुटतं. लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी (लघवीतून प्रथिन जातंय का ते बघणारी) लोक हमखास विसरतात. मूत्रपिंडाचा त्रास जाणवायला लागण्याच्या कितीतरी आधी ती इशारा देते. सकाळची पहिली लघवी न्यायची. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर ठीक. आदल्या दिवशी खूप धावपळ किंवा जिम, अंगात ताप, लघवीचा संसर्ग किंवा मासिक पाळी असेल तर आकडा विनाकारण वाढतो, तेव्हा दिवस बदला. एकदा वाढलेला आला म्हणून घाबरू नका. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा तपासून मगच निष्कर्ष काढतात.

डोळे, दात, पाय

टाइप टूमध्ये डोळ्यांचा पडदा निदानाच्या वर्षापासूनच तपासतात, कारण कळण्याआधी साखर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच सांगता येत नाही. चष्म्याच्या दुकानातली नंबर-तपासणी यासाठी पुरत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा बघायला हवा. थेंबांचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. अशा डोळ्यांनी दादरच्या पुलाचा जिना उतरणं धोक्याचं आहे, दुचाकी तर नकोच. संध्याकाळची वेळ घ्या, सोबत कुणीतरी न्या, गॉगल विसरू नका.

हिरड्यांची सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा तरी फेरी हवी.

पायांची संवेदना डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूनं तपासतात. घरीही एक सोपी चाचणी करता येते. डोळे मिटून झोपा. घरातल्या माणसानं दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटानं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, चोळू नये. ज्याला स्पर्श केला त्यानं ‘डावा’, ‘उजवा’ सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी काहीच कळलं नाही तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

याच कारणासाठी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. या तारखेला सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाण्याचा नवस काही जण बोलतात. संवेदना कमी झालेल्या पायाला तापलेला रस्ता किंवा रुतलेली काच कळत नाही, आणि त्या फोडाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. दर्शनाला जा, पण चपला-बूट घालून. तसंच उपवासाचं: खिचडीतला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निर्जळी उपास केला तर साखर धोकादायक खाली जाते.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत मोफत तपासणी होते. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत जायचं तर केसपेपरसाठी सकाळी लवकर पोचा आणि जुने सगळे कागद तारखेच्या क्रमानं लावून न्या.

वर्षाचा एक कागद

डॉक्टरांना भेटून आल्यावर एकाच पानावर लिहा: एचबीएवनसी, लघवीचा आकडा, क्रिएटिनिन, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), रक्तदाब, वजन, डोळ्यांचा निष्कर्ष, चालू औषधं मात्रेसह, आणि वर्षात साखर ७० च्या खाली किती वेळा गेली. खाली दोन ओळी: या वर्षी काय जमलं आणि काय जड गेलं. ‘रात्रपाळीच्या आठवड्यात जेवणाची वेळ पाळता आली नाही’ हे लिहिणं आकड्याइतकंच उपयोगी आहे, त्यावरून औषधाची वेळ बदलता येते. पाचव्या वर्षी अशी पाच पानं शेजारी ठेवली की पाच फायली चाळूनही दिसत नाही ते दिसतं. पान फाइलमध्ये गेलं की तारखेच्या दिवशी ते पुन्हा काढायचं नाही.

प्रत्यक्ष दिवस

काय करायचं हे ज्याला मधुमेह आहे त्यानं ठरवायचं. आठवडाभर आधी सरळ विचारा: ‘त्या दिवशी काही करूया का, की नको?’ ‘नको’ म्हटलं तर खरंच काही करू नका. पहिल्या वर्षी अनेकांना ती तारीख नुसती जड जाते. रजा टाकून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर गप्प बसून येणं हाही दिवस पाळण्याचा एक मार्ग आहे. चालायला आवडत असेल तर शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी जवळपास सव्वा किलोमीटरची होते; जितकी वर्षं तितक्या फेऱ्या, झेपेल तिथपर्यंत.

गोड खायचं की नाही यावर घरोघरी वाद होतात. खायला हरकत नाही, हिशेब मात्र माहीत हवा. एका पुरणपोळीत कणीक ३० ग्रॅम, डाळ २५ आणि गूळ २५ ग्रॅम धरला तर पिष्ट आणि साखर मिळून साठ ग्रॅमच्या जरा आत जातात. ४० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ती सत्तावीस-अठ्ठावीस असतात. म्हणजे एक पोळी दोन भाकऱ्यांच्या जागी खायची, त्यांच्या जोडीला नव्हे, आणि त्या जेवणात भात नको. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, सोबत कटाची आमटी. जेवून पंधरा-वीस मिनिटं चाला. दोन तासांनी साखर बघितली तर ती माहिती पुढच्या होळीला कामी येते. गुळानं साखर वाढत नाही ही समजूत साफ चुकीची आहे. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा, मैदा, बेसन तसंच असतं, त्यामुळे डबा मोकळ्या मनानं संपवू नका. आणि गोड खाल्लं म्हणून मनानं जास्तीची गोळी तर कधीच घेऊ नका; रात्री झोपेत साखर उतरते.

मूल असेल तर त्याच्या आवडीचा पदार्थ करा, इन्सुलिनची मात्रा नेहमीच्या हिशेबानं द्या, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच खा. फोटो किंवा स्टेटस मुलाला विचारूनच टाका. पहिल्या वर्षपूर्तीच्या सुमारास बऱ्याच मुलांची इन्सुलिनची मात्रा वाढलेली असते. निदानानंतर काही महिने शरीर थोडं इन्सुलिन स्वतः बनवतं, मग ते हळूहळू थांबतं, त्यामुळे असं होतं. आईबाबांचं काही चुकलेलं नसतं. मुलापुढे साखरेला ‘चांगली-वाईट’ म्हणू नका, ‘जास्त-कमी’ म्हणा.

पाहुणे येणार असतील तर सांगायची वाक्यं आधीच ठरवा. ‘इन्सुलिनवर गेलात म्हणजे वाढलाच की’ यावर ‘शरीरात जे कमी पडतंय ते बाहेरून घेतोय, काका’ एवढं पुरे. कारल्याच्या रसाची बाटली आणली तर ती गोळ्यांसोबत सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं आहे, असं सांगा. आणि भेट आणायचीच असेल तर सुती मोजे किंवा ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणायला सांगा, त्या रोज लागतात.

सामानाची वार्षिक झडती

संध्याकाळी अर्धा तास काढून मधुमेहाचं सगळं सामान टेबलावर ओता. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा. मुंबईच्या दमट हवेत झाकण सैल राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या मुदतीआधीच चुकीचा आकडा देतात. मीटर तपासायचं द्रावण मिळत असेल तर एक थेंब टाकून आकडा डबीवरच्या मर्यादेत येतो का पाहा. बोट टोचण्याआधी हात धुवा; आंबा सोललेल्या बोटानं ३०० सुद्धा दिसू शकते. वापरात असलेलं इन्सुलिन बहुधा ३० अंशांच्या आत २८ दिवस टिकतं. एप्रिल-मेमध्ये घरात तेवढा गारवा नसतो, म्हणून फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून, झाकण चिकटवून, वर ‘सुया’ लिहून ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळ्या द्या, म्हणजे सफाई कामगाराच्या हाताला टोचणार नाहीत.

शेवटी ऑफिसच्या बॅगेतली पिशवी भरा. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडरच्या तीन पुड्या, बिस्किटांचा छोटा पुडा, एका दिवसाची औषधं, पाण्याची बाटली, आणि नाव, औषधं व घरचा नंबर लिहिलेलं कार्ड. पावसात लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये तासन्‌तास थांबते तेव्हा हीच पिशवी लागते. साखर ७० च्या खाली गेली तर एक पुडी घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरी कमीच असेल तर दुसरी. सोबत कोण असतं त्यालाही पिशवी कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवून ठेवा. मग मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीच्या तारखेच्या २१ दिवस आधीची आठवण लावा, आणि ती गणपती किंवा दिवाळीच्या आठवड्यात पडत असेल तर एक आठवडा अलीकडे घ्या.