घर बदलताना मुलांसाठी बायबलचे धडे

अकरा महिन्यांचा करार संपला की मुंबईत बिऱ्हाड अनेकदा हलतं. अशा वेळी देवाच्या सांगण्यावरून घर सोडून निघालेला अब्राहाम मुलांना चटकन कळतो. उत्पत्ती 12:1-8 एवढंच वाचा. दमलेली मुलं त्याहून जास्त ऐकत नाहीत. बेथेलजवळ तंबू ठोकल्यावर त्याने वेदी बांधली, म्हणून नव्या घरातली प्रार्थना पहिल्याच रात्री व्हावी. ती राहून जाते, कारण बायबल पुस्तकांच्या खोक्यात तळाशी जातं. बायबल, क्रूस, मेणबत्ती आणि काडेपेटी कापडी पिशवीत घालून हातातच ठेवा, टेम्पोत नको.

सामान बांधण्याआधी यहोशवाच्या पुस्तकाचा अध्याय 4 घ्या. यार्देन नदी ओलांडताना इस्राएली लोकांनी तिच्यातून उचललेले 12 दगड पुढे मुलांनी विचारावं म्हणूनच रचले होते. प्रत्येकाने जुन्या घरात देवाने केलेली एक गोष्ट गुळगुळीत दगडावर लिहावी. स्केचपेन हाताने पुसलं जातं, पर्मनंट मार्कर वापरा. दगड नव्या घरात दाराजवळ रचा.

मित्र सुटले म्हणून मूल रडलं, तर लगेच ‘देवाची इच्छा’ म्हणू नका. स्तोत्र 137 मध्ये देवाची माणसंही घरासाठी रडतात. ते आधी वाचा, देव राखणारा आहे असं सांगणारं स्तोत्र 121 मागाहून.

धर्मशिक्षणाचा वर्ग बदलणार असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि वर्गाचं पत्र निघण्यापूर्वीच जुन्या चर्चमधून घ्या.