'कलाकार काय करतो?' शाळेसाठी असा संच बनवायचा असेल तर

शाळेने किंवा एखाद्या संस्थेने सांगितलं की 'समाजात कलाकाराची भूमिका' यावर मुलांसाठी वर्कशीट आणि कृतींचा एक संच बनवून द्या, की आपण कलाकार लगेच माहिती भरायला बसतो. जन्म कधी, शिकले कुठे, पुरस्कार कोणते, खाली चार चित्रं आणि शेवटी पाच प्रश्न. माझा पहिला संच अगदी असाच होता आणि मुलांनी तो धड्यासारखा वाचला, उत्तरं लिहिली, विषय संपला. माहिती तर टीचर पण गोळा करू शकतात, आपल्याकडे जास्तीचं काय आहे तर आपण हे काम रोज करतो, मग संचात तेच काम मुलांच्या हातात द्यायचं ना.

त्यामुळे सुरुवात एकाच प्रश्नाने करा आणि त्यात 'भूमिका' हा शब्द आणूच नका, मुलांना त्यातून काही दिसत नाही. माझा सगळ्यात चांगला चाललेला प्रश्न सांगते: तुमच्या शाळेत असं कोणतं काम आहे जे रोज होतं, सगळ्यांना लागतं, पण करणारं माणूस कुणाच्या लक्षात येत नाही? पाच मिनिटं मुलांना आपसात बोलू द्या आणि मग मिअर्ल लेडरमन युकेलिस यांची गोष्ट सांगा. या न्यूयॉर्कच्या कलाकार, १९७९-८० मध्ये शहरातल्या सफाई खात्याच्या साधारण ८,५०० कामगारांना त्या एकेक करून भेटल्या, प्रत्येकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल थँक्यू म्हणाल्या. एवढंच. हे सांगितलं की वर्गातून हमखास येतं, 'पण यात चित्र कुठंय?' आणि तुम्हाला हाच प्रश्न हवा असतो, त्याचं उत्तर संचात छापू नका, मुलांना भांडू द्या त्यावर.

मग कृती. प्रत्येक गटाने शाळेतलं असं एक माणूस निवडायचं, आधी परवानगी विचारायची (हे वर्कशीटवर ठळक लिहा, कारण माणूस म्हणजे वर्गात आणून ठेवायची वस्तू नाही), तीन प्रश्न विचारायचे आणि त्यांचे फक्त हात काम करताना काढायचे. चेहरा काढायला सांगितला की निम्मी मुलं 'मला येत नाही' म्हणून थांबतात. आणि हात बघता बघता काम समजायला लागतं, हे मी खूप वर्गांत बघितलंय. काढलेलं चित्र त्या माणसाला नेऊन दाखवायचं, ही शेवटची पायरी वेळ कमी पडला तरी गाळू नका.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे आठवीच्या पुढे, साक्षीदार म्हणून कलाकार हा भाग घ्या. त्यासाठी मी चित्रकार चित्तप्रसाद यांना घेते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मेदिनीपूर भागात फिरले, दिसलं ते काढत आणि लिहीत गेले, त्यातून 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका निघाली आणि इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्र आधी दाखवा, दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, मग विचारा की चित्रांच्या एका पुस्तिकेची सरकारला भीती का वाटली असेल. इथे मुलांना भूक किंवा दुष्काळ 'काढायला' मात्र सांगू नका प्लीज, त्याऐवजी त्यांनी स्वतः पाहिलेली, इतरांना कळायला हवी अशी एखादी गोष्ट काढू दे.

चित्रांच्या हक्कांचं पण इथेच बघून घ्या. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराईट राहतो, युरोपातल्या बऱ्याच देशांत ७०. चित्तप्रसाद १९७८ ला गेले, म्हणजे भारतात २०३८ संपेपर्यंत. इंटरनेटवर सापडलं म्हणून उचललं असं करू नका, आपण कलाकाराच्या कामाची किंमत शिकवतोय.

आता तुमचं स्वतःचं पान. तयार झालेलं काम एकच टाका आणि त्याच्या आधीची फसलेली स्केचेस तीन-चार, प्रत्येकाखाली एका ओळीत ते का सोडलं ते. मुलं सगळ्यात जास्त वेळ याच पानावर थांबतात. अजून एक, 'यातून पैसे मिळतात का' हे मुलं विचारणारच, तर खरं सांगा, आठवडा कसा जातो ते लिहा: किती वेळ चित्र, किती वेळ ईमेल, बिलं, वाट बघणं, दुसरी नोकरी असेल तर ती पण. खोडरबरासारखं काही पुसून टाकू नका, एखादीला खरंच कलाकार व्हायचं असतं आणि तिला हे कुठेच वाचायला मिळत नाही.

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी पटपट. तास ३५-४० मिनिटांचा असतो, त्यातली पाच बसण्यात जातात, म्हणून एका तासाला एकच कृती. शाळेत झेरॉक्स काळीपांढरी निघते, तेव्हा रंगांवर अवलंबून असलेली वर्कशीट बाद, आधी स्वतः झेरॉक्स काढून बघा. सामान पेन्सिल आणि पाठकोरे कागद एवढंच. नमुना म्हणून तयार चित्र देऊ नका, चाळीस मुलं त्याचीच कॉपी करतात.

टीचरचं पान वेगळं करा आणि ते भाषेच्या किंवा गणिताच्या टीचर वाचणार आहेत असं समजून लिहा. 'चर्चा घ्या' असं लिहून भागत नाही, पहिलं वाक्य काय बोलायचं, मुलं गप्प बसली तर पुढचा प्रश्न कोणता, हे सगळं लिहा.

छापायच्या आधी एका वर्गात ट्रायल घ्याच, पण शिकवायचं टीचरनी, तुम्ही मागच्या बाकावर गप्प बसायचं, कितीही जीभ वळवळली तरी. त्या जिथे थांबून कागद परत वाचतात तिथे पेन्सिलने खूण करा. घरी येऊन फक्त त्या खुणांच्या जागा परत लिहायच्या.