उड्डाणाच्या वेळी लँडिंग गिअरमध्ये बिघाड: या चुका टाळा

पहिली चूक विमान हलण्यापूर्वीच घडते. जमिनीवर उभ्या विमानाचे लँडिंग गिअर, म्हणजे चाके आणि त्यांचे पाय, चुकून दुमडू नये म्हणून त्यात सुरक्षा पिन घालतात आणि तिला लाल पट्टी बांधलेली असते. ही पिन काढायची राहिली, तर हवेत लिव्हर वर करूनही चाके आत जात नाहीत. पावसाळ्यात गोव्यातील दाबोळी विमानतळावर सरी कोसळत असताना विमानाभोवतीची तपासणी फेरी आटोपती घेण्याचा मोह होतो. तरीही गिअरच्या प्रत्येक पायाशी वाकून पाहावे आणि काढलेल्या पिना कॉकपिटमध्ये मोजून घ्याव्यात.

दाबोळी आणि मोपा या गोव्यातील विमानतळांच्या धावपट्ट्या तीन किलोमीटरहून लांब आहेत, म्हणून टायर फुटताच केव्हाही थांबता येईल असे मानू नये. फुटलेल्या टायरमुळे ब्रेकची ताकद घटते. त्यामुळे वेग व्ही-वनच्या, म्हणजे उड्डाण रद्द करण्याचा निर्णय ज्या वेगापर्यंतच घेता येतो त्याच्या, जवळ पोहोचला असेल आणि इंजिने व्यवस्थित चालत असतील, तर उड्डाण पूर्ण करणेच बहुधा अधिक सुरक्षित असते. व्ही-वननंतर तर विमान उडण्याच्या स्थितीत असेपर्यंत थांबण्याचा विचारच करू नये.

सर्वांत घातक चूक त्यानंतरची आहे. जमीन सुटली की ‘गिअर अप’, म्हणजे चाके आत घ्या, हे शब्द सवयीने तोंडी येतात. पण टायर फुटल्याची किंवा ब्रेक तापल्याची शंका असेल, तर चाके बाहेरच ठेवावीत. 11 जुलै 1991 रोजी जेद्दाहून निघालेल्या डीसी-8 विमानाच्या टायरमध्ये हवा कमी होती. धावतानाच टायर निकामी होऊन आग लागली, ती चाकांबरोबर विमानाच्या पोटात गेली आणि 261 जणांपैकी कोणीही वाचले नाही. चाके आत घेताना वैमानिकांना आगीची कल्पना नव्हती. म्हणूनच धावपट्टीवर जाणवलेला प्रत्येक अनोळखी हादरा गांभीर्याने घ्यायला हवा.

चाके आत जात नसतील, तर लिव्हर पुन्हा पुन्हा वर-खाली करू नये. दाबोळीहून पश्चिमेकडे झेपावलेल्या विमानाखाली लगेच समुद्र येतो. सुरक्षित उंची गाठून एका वैमानिकाने केवळ विमान उडवावे आणि दुसऱ्याने चेकलिस्ट वाचावी. 1972 साली मायामीजवळ एका विमानात पुढच्या चाकाची स्थिती दाखवणाऱ्या दिव्यात सगळे वैमानिक गुंतले, उंची घटत गेली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली.

चाके बाहेर ठेवून मुंबई गाठण्याचा हट्टही नको, कारण हवेचा विरोध वाढल्याने इंधन झपाट्याने संपते. ए-320 सारख्या विमानाला इंधन हवेत सोडता येत नाही, म्हणून उतरण्याआधी इंधन जाळून वजन घटवण्यासाठी ते समुद्रावर घिरट्या घालते. प्रवाशांनी त्यावरून घाबरू नये.

उतरल्यावर तापलेल्या चाकांकडे बाजूने कोणीही जाऊ नये. चाक फुटले, तर तुकडे बाजूलाच उडतात, म्हणून अग्निशमन दलानेही पुढून किंवा मागूनच जवळ जावे.